ओंगळ खुंट

सादाओ कुवाताने पन्नास वर्षांत एकाही झाडावर खुंट मागे ठेवला नव्हता. फांदी काढायची तर ती जिथून फुटली तिथे घासून काढायची, वरून बोट फिरवलं तर कुठे अडता कामा नये. अमेरिकेतल्या हूड रिव्हरच्या खोऱ्यात त्याची नासपतीची बाग लोक रस्त्यावरून ओळखत. पॅकिंग हाऊसवर कुणा नवख्याच्या छाटणीचा विषय निघाला की म्हातारी मंडळी म्हणत, "त्याला म्हणावं, आधी कुवाताची झाडं बघून ये, मग कात्रीला हात लाव." सादाओ हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि मग दोन दिवस घरात खुशीत असायचा.

आणि आता पंचाहत्तराव्या वर्षी त्याच्याच बागेत दीडशे खुंट उभे होते. वीतभर लांबीचे, उघडेबोडके, वर नारिंगी रंग फासलेले. हे काम त्याच्या मुलीचं, एलेनचं.

त्या वर्षी मे महिन्यात, मुख्य बहर संपून गेल्यावर जी चुकूनमाकून उशिरा फुलं येतात त्यांच्यावर कोमट पाऊस पडला. मधमाश्यांनी फुलाफुलांतून करपा फिरवला. जूनच्या सुरुवातीला शेंडे काळे पडून वाकले, आगीची धग लागावी तशी पानं करपली आणि तशीच फांदीला लटकत राहिली. एलेन कॉर्व्हॅलिसच्या विद्यापीठात हेच शिकून आली होती. तिने मुकादम एव्हारिस्तो आणि त्याची माणसं घेऊन चार दिवसांत सगळं रोगट कापून काढलं. फक्त घासून कापलं नाही. प्रत्येक ठिकाणी खुंट ठेवला.

"पापा, करपा आपल्याला दिसतो त्याच्या हातभर पुढे गेलेला असतो, सालीच्या आतून," ती समजावत होती. "कुठेही कापलं तरी जखमेपाशी थोडा उरतोच. मग उरायचाच आहे तर खुंटात उरू दे. तिथेच अडकून बसेल. थंडीत, तो निपचित पडला की रंग बघून खुंट काढून टाकू."

"दिसायला ओंगळ."

"त्याचं नावच ओंगळ खुंट आहे. पुस्तकात तसंच लिहिलंय."

"मग पुस्तकातच ठेवायचे होते," सादाओ म्हणाला आणि भातावर मुळ्याचं लोणचं घेऊन जेवायला लागला. बाग त्याने सहा वर्षांपूर्वीच मुलीच्या नावावर केली होती. बोलायचा हक्क तेवढा स्वतःकडे ठेवला होता.

तिथवर सगळं ठीक होतं. पण त्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर हॅरल्ड टफ्टने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हॅरल्ड शेजारचा बागाईतदार, मनाचा वाईट नाही, पण जिभेला हाड नसलेला. म्हणाला, "काय रे सादाओ, बाग कुणाला खंडाने दिलीस की काय? रस्त्यावरून बघितलं, ओळखूच येईना!"

सगळे हसले. सादाओही हसला. पण ते त्याच्या जिव्हारी लागलं.

बाग एकदा खरोखरच खंडाने गेली होती. लढाईच्या वर्षी त्यांना, म्हणजे खोऱ्यातल्या सगळ्या जपानी घरांना, गाडीत घालून वाळवंटातल्या छावणीत नेलं तेव्हा. तीन वर्षांनी पंचवीस वर्षांचा सादाओ बापाला घेऊन परत आला, तर गावातली निम्मी दुकानं त्यांना माल देत नव्हती आणि बागेत जिकडेतिकडे खुंट होते. खंडकऱ्याने हाताला येईल तशी झाडं ओरबाडली होती. बाप त्या वर्षअखेरीस गेला. सादाओने तीन हिवाळे घालवून एकेक खुंट काढला. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही कुवाताच्या झाडाकडे बोट दाखवता येऊ नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. पुढे दुकानं उघडली, लोक विसरले, सरकारची माफीबिफीही झाली. डोक्यातलं ते मात्र गेलं नाही.

एलेन शनिवारपासून कॉर्व्हॅलिसला बैठकीला गेली होती, सोमवारी येणार होती. माणसांना सुट्टी होती. सादाओने चर्चचे कपडे बदलले आणि खुंटीवरची आपली कात्री काढली. ओकायामाच्या लोहाराने घडवलेली, बापाने जपानहून बोटीतून आणलेली. शेडच्या दारात ब्लीचच्या पाण्याची बादली होती. दर कापाला कात्री तीत बुडवायची, असा एलेनचा नियम. ब्लीच पोलाद खातं. सादाओने बादलीकडे बघितलं आणि कात्री पँटला पुसून पुढे गेला.

चार तास त्याने झकास काम केलं. दीडशेच्या दीडशे खुंट रस्त्याकडच्या सात ओळींत होते, ते सगळे घासून काढले. काही खुंटांतून मधासारखा चिकट थेंब आला होता, तो कात्रीला लागला, त्याने पुसला. वाटेत जे काही डोळ्यांना खुपलं, निरोगी झाडावरची एखादी आडवी काडी, एखादा उगाच वाढलेला फुटवा, तेही उडवलं. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात, पण मनगट अजून विशीतलं होतं. आणि शेवटी फाटकाशी आल्यावर तेविसाव्या झाडाच्या बुंध्यावर, कमरेच्या उंचीला, एक सरळसोट फुटवा त्याला दिसला. जाता जाता त्याने तोही काढला. बुंध्याला घासून, मागमूसही न ठेवता.

तेविसावं म्हणजे एलेनचं झाड. अकरा वर्षांपूर्वी तिने आपल्या गोड बार्टलेट नासपतीचा एका जुन्या, दगडासारख्या फळाच्या पण कधीच न करपणाऱ्या झाडाशी संकर केला होता. दोनशे बिया लावल्या. काही करपून गेल्या, काहींना कोंबड्यांनीही खाऊ नये अशी फळं आली, त्या उपटल्या. उरलं एक, तेविसाव्या क्रमांकाचं. त्याचं फळ तोंडात विरघळायचं, आणि शेजारची झाडं काळी पडली तरी त्याचं पानही वाळलं नव्हतं. ऑगस्टमध्ये नर्सरीवाले त्याचे डोळे कलमासाठी न्यायला येणार होते. फक्त एक गोष्ट एलेनने कधी केली नव्हती: त्याला मुद्दाम जखम करून तिच्यात करपा घालून बघण्याची. सगळ्या जगात ते झाड एकच होतं. तिचा धीर झाला नव्हता.

सादाओला यातलं तेव्हा काहीच सुचलं नाही. तो घरी आला, कात्रीला तेल लावलं आणि सोमवारी मुलगी बघून काय म्हणेल याचा विचार करत गरम पाण्यात बसला.

*

मुलगी म्हणाली ते त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं.

"कुणी केलं हे?" एलेन अंगणात एव्हारिस्तोसमोर उभी होती. तिचा आवाज कापत होता. "दीडशे खुंट! सगळे घासून! आता तो खोडात उतरेल, एव्हारिस्तो. खुंट त्याला अडवायला होते! आणि बादली? बादलीतलं पाणी जसंच्या तसं आहे. म्हणजे कात्री बुडवलीसुद्धा नाही. एका झाडाचं घेऊन दुसऱ्याच्या रक्तात घातलं!"

एव्हारिस्तो मेक्सिकोतल्या मिचोआकानचा. वीस वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा सादाओनेच त्याच्या हातात पहिली कात्री दिली होती. त्याने सगळ्यात जवळच्या झाडाचा काप बघितला. त्यावर अंगठा फिरवला. मग खिडकीकडे न बघता म्हणाला, "माझ्या माणसांकडून झालं असेल, बाई. मी बघतो."

सादाओच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. बाहेर जायचं, 'मी केलं' म्हणायचं, एवढंच होतं. दार चार पावलांवर होतं. पण पाय उचलेना. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला, ज्याच्याकडे खोरं छाटणी शिकायला यायचं त्याला, स्वतःच्या मुलीसमोर चोरासारखं उभं राहायचं होतं. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. आणि एवढ्याशाने काय होणार, असंही वाटलंच.

उद्याचा परवा झाला. रोज सकाळी एलेन उठायच्या आधी तो फाटकाशी जाऊन तेविसाव्याची जखम बघायचा. पहिल्या दिवशी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी स्वच्छ. त्याच्या हयातीतला तो सगळ्यात सुंदर काप असावा, गोल, गुळगुळीत, बुंध्याशी एकजीव. आणि तेच आता त्याला सोसवेना. फुटव्याचा वीतभर खुंट ठेवला असता तर आज तो काढून टाकता आला असता. आता कापायला काही उरलंच नव्हतं. जखम बुंध्यावर होती, आणि बुंध्यामागे अख्खं झाड.

आठव्या दिवशी सातव्या ओळीतली दोन झाडं वाकली. तीही अशी, जिथे करपा कधी नव्हताच. एलेन झाडाखाली उकिडवी बसून डोकं खाजवत राहिली. "हे इथे कसं आलं? मधली चार झाडं सोडून हेच का?"

का ते सादाओला माहीत होतं. तिथे एक आडवी काडी त्याला खुपली होती.

नवव्या दिवशी सकाळी तेविसाव्याच्या जखमेखाली साल काळसर आणि ओलसर दिसली. जखमेच्या ओठावर एक थेंब होता. दुधट, वाटाण्यापेक्षा लहान. सादाओने तो कितीतरी वेळ बघितला. मागून पावलं वाजली. एव्हारिस्तो होता.

"डॉन सादाओ," तो नेहमीच्या अदबीने, हळू आवाजात म्हणाला, "बाईंनी माझ्या नव्या दोन माणसांना आज काढून टाकायला सांगितलंय. बायकामुलं आहेत त्यांना."

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"असा काप या खोऱ्यात दुसऱ्या कुणाच्या हातून होत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"मी काय बोलणार?" एव्हारिस्तोने टोपी काढून हातात घेतली. "ते तुम्ही बोलायचं होतं. मी तुमच्यासाठी नऊ दिवस दिले. आता माझ्याकडे नाहीत."

सादाओला त्याच्याकडे बघायची लाज वाटली. इतकी लाज त्याला छावणीच्या फाटकातून आत जातानाही वाटली नव्हती, कारण तिथे त्याने काही केलेलं नव्हतं.

*

एलेन उभ्याउभ्या कॉफी पीत होती. सादाओ टेबलाशी बसला, दोन्ही हात पुढे ठेवले.

"खुंट मी काढले."



"त्या रविवारी. कात्री बुडवली नाही. तुझ्या माणसांचा काही दोष नाही. एव्हारिस्तोला माहीत होतं, तो माझ्यासाठी गप्प बसला. हॅरल्ड काहीतरी बोलला आणि... ते जाऊ दे. मी केलं आणि नऊ दिवस लपवलं."

एलेनने कप खाली ठेवला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "नऊ दिवस! पापा, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर..." ती थांबली. तिची नजर खिडकीबाहेर बागेकडे गेली. मग वळून एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "क्रम आठवतोय? कोणत्या झाडानंतर कोणतं?"

"सगळा."

"सगळा म्हणजे?"

"पहिल्या ओळीत तिसऱ्यापासून सुरू केलं. मग पाचवं, त्याचे दोन काप, एक खांद्याजवळ. मग आठवं. त्याच्यातून करप्याचा थेंब निघाला होता. त्याच्यानंतरची तीन झाडं वाईट असणार." त्याने डोळे मिटले होते. पन्नास वर्षं त्याने झाडं अशीच लक्षात ठेवली होती, माणसांची नावं विसरून. "लिहून घे."

तिने लिहून घेतलं. दोन तास लागले. एकशे नव्वद काप, क्रमाने, उंचीसकट. कागद भरले तसा तिचा राग कमी झाला असं नाही, पण त्याला जागा उरली नाही. ज्या झाडांवर अजून काही दिसत नव्हतं पण थेंब लागलेल्या कात्रीने ज्यांना शिवलं होतं, तिथे आजच, बरंच खालून कापता येणार होतं. करपा पोचायच्या आधी.

"शेवटचं?" तिने विचारलं.

"शेवटचं तेविसावं."

पेन्सिल थांबली.

"बुंध्यावर फुटवा होता. घासून काढला. आज थेंब आलाय."

एलेन उठली नाही, ओरडली नाही. तिने फक्त कागदावर डोकं टेकलं. सादाओने तिच्या केसांवर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागे घेतला. तो हक्क आज आपल्याला नाही, असं त्याला वाटलं.

*

पुढचे तीन दिवस सगळे बागेत राबले. सादाओने झाडं दाखवायची, एव्हारिस्तोच्या माणसांनी कापायचं, दर कापाला बादली. अडतीस झाडं मुळासकट काढून जाळावी लागली. त्यातली काही बापाने लावलेली होती. त्या धुराकडे सादाओने पाठ फिरवली नाही, ते आपलं प्रायश्चित्त समजून समोर उभा राहिला. बाकीची वाचली.

उरलं तेविसावं. त्याच्यापाशी करण्यासारखं एकच होतं. झाड बीपासून वाढलेलं होतं, मूळही त्याचंच. गुडघ्याच्या उंचीला बुंध्यावर एक गाठ होती. करपा गाठीच्या वर आहे तोवर गाठीखालून करवत चालवायची. मग मुळातून नवे कोंब येतील, झाड नावापुरतं तरी जिवंत राहील. अर्थात ते कोवळे कोंब म्हणजे करप्याला आयतं ताट. आणि डोळे पुढची काही वर्षं विसरायचे. गाठ ओलांडून करपा मुळात गेला तर मात्र सगळंच संपलं.

"गाठीला दोन बोटं उरेपर्यंत थांबू," एलेन म्हणाली. "त्याच्यापुढे नाही."

रोज सकाळी ती सुताराच्या पेन्सिलीने काळ्या चट्ट्याची कड सालीवर आखायची आणि बाजूला तारीख घालायची. पहिल्या दिवशी जखमेखाली चार बोटं. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी चट्टा अर्ध्या बुंध्याला वळसा घालून गेला आणि त्या बाजूची एक फांदी मलूल झाली. हवा दमट आणि उबदार होती, करप्याला हवी तशी. सादाओ रोज आभाळाकडे बघून मनातल्या मनात शिव्या घालायचा.

"तो आत करतो काय नेमकं?" त्याने एकदा विचारलं. दोघं फाटकापाशी उपड्या पेट्यांवर बसली होती. एवढ्या वर्षांत त्याने तिला तिच्या शिक्षणातलं काही विचारायची ही पहिलीच वेळ.

"जिवाणू पेशीला चिकटतो. सुईसारखी नळी खुपसतो आणि आपला माल आत सोडतो. पेशीचा पहारा झोपतो, ती फुटते, तो तिचं पाणी पिऊन वाढतो. मग पुढची."

"आणि झाड गप्प बसतं?"

"बहुतेक झाडांना कळतच नाही घरात कोण शिरलंय. कळेपर्यंत उशीर होतो. पण एखादं झाड तो माल ओळखतं. ओळखलं की त्याच्या भोवतीच्या आपल्याच पेशी मारून टाकतं, झटपट. खायला काही उरत नाही, वाट बंद होते."

"म्हणजे स्वतःलाच कापतं."

"हो." एलेन त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आणि घासून नाही कापत, पापा. थोडं स्वतःचं सोडून देऊन कापतं."

सादाओने ते ऐकून घेतलं. टोमणा त्याच्या वाट्याचाच होता.

सहाव्या संध्याकाळी कड गाठीपासून तीन बोटांवर आली. रोजची चाल बघता सकाळपर्यंत ती गाठीला भिडणार होती.

"उद्या उजाडताच," एलेन म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "माझ्याने होणार नाही. तुम्ही कापा."

*

उजाडलं तेव्हा सादाओ करवत ब्लीचमध्ये बुडवून फाटकाशी आला. गवत ओलं होतं. तो झाडापुढे गुडघ्यांवर बसला. कड कालच्या रेषेच्या खाली सरकली होती, एक बोटभर. गाठीला दोन उरली होती. ठरल्याप्रमाणे वेळ झाली होती.

त्याने करवतीचे दात गाठीखाली टेकवले. मग, का कोण जाणे, पन्नास वर्षांची सवय म्हणा, कापण्याआधी त्याने सालीवरून अंगठा फिरवला.

अंगठा अडला.

त्याने चष्मा पुसला, नाक सालीला लागेल इतका वाकला. काळ्या आणि हिरवट सालीच्या मधोमध एक चीर होती, केसाएवढी. जळलेल्या अडतीस झाडांवर त्याने हा चट्टा बघितला होता. तिथे कड गुळगुळीत आणि ओलसर होती, कुठे संपते ते बोटाला कळत नसे. इथे कळत होतं. चिरेच्या वरची साल खोल बसली होती, कोरडी. त्याने नखाने चिरेखाली तांदळाएवढी साल खरवडली. आत पांढरं, ओलं, जिवंत लाकूड होतं.

करवत त्याने गवतात ठेवली.

एलेन आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिने बुंध्याकडे बघितलं, मग करवतीकडे. "कापलं नाहीत?"

"नाही."

"पापा, दोनच बोटं उरलीत! तुमचा हात अडला का? आता अडला? त्या रविवारी नाही अडला?"

"हात दे इकडे."

"एक दिवस चुकला तर मूळ जाईल!"

"हात दे, पोरी."

त्याने तिचा अंगठा चिरेवर ठेवला. अंगठा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, परत आला. पुस्तकात हे सगळं तिने वाचलं होतं, पण इतक्या जवळून, आपल्या झाडावर, कधी हाताला लागलं नव्हतं.

"नक्की नाही सांगता येत," ती शेवटी म्हणाली. तिचा श्वास जोरात चालला होता. "पुढे अजून कुठून वाट काढेल."

"काढेल. एक दिवस दे त्याला. काही झालं तर माझ्या अंगावर."

"तुमच्या अंगावर घेऊन मी काय करू?" ती म्हणाली, पण करवत तिने उचलली नाही.

तो दिवस दोघांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. दुपारी उकाडा वाढला तेव्हा एलेन तीनदा फाटकाशी जाऊन आली. एव्हारिस्तोने बायकोच्या हातचे मक्याच्या पिठाचे तामाले आणले, कुणी खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कड रेषेवरच होती. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी चीर चट्ट्याभोवती पूर्ण फिरली, तिच्यात नखाचं टोक जाईल एवढी रुंद झाली आणि कडेने नवी साल फुगायला लागली, वेडीवाकडी, गाठीगाठींची. एलेन बुंध्याला मिठी मारून रडली. एव्हारिस्तोने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, "ज्याला डॉन सादाओच्या कात्रीने काही झालं नाही, त्याला आता काय धाड भरणार?"

सादाओ मोठ्याने हसला. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा.

ती मलूल झालेली फांदी मात्र वाळली होती. तिच्याखालची साल झाडाने सोडून दिली होती. पुढच्या रविवारी चर्चहून आल्यावर एलेनने त्याची कात्री आणि बादली आणून पुढ्यात ठेवली. "ही तुम्ही काढा."

सादाओने ओकायामाची कात्री ब्लीचच्या पाण्यात बुडवली आणि मनात दहापर्यंत मोजलं. पोलाद काय व्हायचं ते होवो. मग त्याने फांदी पकडली. हात आपोआप बुंध्याकडे सरकला, त्याने तो मागे घेतला, वीतभर जागा सोडली आणि कापली. एलेनने त्यावर नारिंगी रंग लावला. खुंट तिथे उभा राहिला, फाटकापाशी, रस्त्याच्या अगदी समोर.

चर्चहून परतणारा हॅरल्डचा ट्रक हळू झाला. काच खाली गेली. "सादाओ! अरे, डोळे गेले का तुझे? खुंट राहिलाय बघ!"

"राहिला नाही," सादाओ म्हणाला. "मी ठेवलाय."

आणि तो कात्री पुन्हा बादलीत बुडवायला वाकला.